भिमाजीचे कागदावरचे गुडघे

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सगळ्यात भक्कम गुडघे कुणाचे, असं विचाराल तर उत्तर एका कंपनीच्या फाइलीत सहीशिक्क्यासकट सापडेल. भिमाजी बोराडे, वय पंचावन्न, तपासणी खातं. एका दमात पंचवीस उठाबशा! आता हाच भिमाजी सिडकोतल्या आपल्या घराचा जिना चढताना दर चौथ्या पायरीला 'आई गं' म्हणतो, ते सोडा. घरचं कोण विचारतं? कागद काय म्हणतो त्याला महत्त्व.

कागद असं का म्हणतो, तेही सांगतो. कंपनीत दरवर्षी मेडिकल व्हायचं. डॉक्टर बाहेरून यायचे, दरवर्षी नवे, आणि मान वर करून बघायला त्यांना सवड नसायची. वजन, डोळे, कान आणि शेवटी दहा उठाबशा. वाळू नावाच्या एका भल्या माणसाने तिथे खरं बोलून बघितलं होतं. 'उजव्या कानाने जरा कमी ऐकू येतं साहेब,' एवढंच म्हणाला बिचारा. कंपनीने त्याची केवढी काळजी घेतली! शाल घातली, हार घातला, भाषणात त्याला आपल्या कुटुंबातला म्हणाले, आणि सोमवारी गेटवर त्याचं कार्ड चालेना.

भिमाजी ते बघून शहाणा झाला. त्याचे हात आणि डोळे शाबूत होते. केसाएवढा फरक असलेला जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, तो नुसतं बोट फिरवून बाजूला काढायचा, मग मशीनवर मोजून बघा, भिमाजीचंच खरं निघायचं. अडचण एकच, खाली बसला की उठता येत नव्हतं आणि जिना जमत नव्हता. त्याच्या कामाला यातलं काहीही लागत नव्हतं. पण उठाबशा काढल्याशिवाय माणूस मोजमाप कसं करणार, असं कंपनीचं शास्त्र! निवृत्तीला पाच-सहा वर्षं उरलेली, आणि घरी तर बसायचं नव्हतं. मग त्याने केरूला गाठलं.

केरू पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमधला, मूळचा पेठ तालुक्याकडचा. लहानपण डोंगर चढण्या-उतरण्यात गेलेलं, त्यामुळे पन्नाशीतही पाय वेताच्या काठीसारखे. "दहा उठाबशा? हात्तिच्या, त्यात काय हाय!" असं म्हणून तो भिमाजीचं ओळखपत्र गळ्यात अडकवून आत गेला. त्यावरचा फोटो इतका जुना आणि काळपट होता की कुणीही मिशीवाला त्यात खपला असता. दोन वर्षं असंच पार पडलं आणि दोघांनाही आपण फार हुशार आहोत असं वाटू लागलं.

तिसऱ्या वर्षी केरूला चेव आला. सकाळी तपासणी खात्याचा नंबर होता. डॉक्टरांनी दहा सांगितल्या, याने दोस्ताखातर पंचवीस काढल्या. डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा मान वर केली आणि भिमाजीच्या फाइलीत 'अत्युत्तम' लिहिलं. दुपारी प्रेस शॉपचा नंबर आला, तोवर डॉक्टरांची मान पुन्हा कागदात गेली होती. आता केरू स्वतःच्या नावाने उभा राहिला, तर मांड्या भरून आलेल्या. सातव्या उठाबशीला भिंत धरली. डॉक्टरांनी लिहिलं, 'गुडघ्यांत सौम्य दोष, दम लागतो.' दोघे चहाच्या टपरीवर यावर पोट धरून हसले. हसा म्हणावं!

कारण पावसाळा संपता संपता कंपनीला उपरती झाली. मनुष्यबळ खात्यात पल्लवी मॅडम नव्याने आल्या होत्या, पोरगी मनाची चांगली. त्यांनी योजना आणली: वयस्क कामगारांना किरकोळ दुखणी असली तर काढायचं नाही, सोसेल असं काम द्यायचं. गेजच्या टेबलापाशी उंच स्टूल मांडलं, बसून मोजमाप करता येईल असं. वा! आता ते स्टूल कुणाला द्यायचं, तर ज्याचं दुखणं फाइलीत असेल त्याला. फाइलीने नाव दिलं केरूचं. आणि भिमाजीसारखा पंचवीस उठाबशांचा पठ्ठ्या खाली कशाला कुजवायचा? त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या स्टोअरला दिलं, दिवसभर जिना वरखाली.

केरू स्टुलावर बसून मायक्रोमीटर अडकित्त्यासारखा धरायचा आणि दिसेल तो जॉब पास करायचा. भिमाजी कठडा धरून एकेक पायरी मोजायचा. तीन आठवड्यांनी सुपरवायझरने लिहून दिलं की हा माणूस धडधाकट असून मुद्दाम रेंगाळतो. लगेच नोटीस आली. कामचुकारपणाबद्दल तीन दिवसांत खुलासा करा, नाहीतर सेवा समाप्त. झालं! दुखणं सांगितलं तर नोकरी जाईल म्हणून लपवलं, आता लपवल्यामुळे चालली.

"मी सांगतो मॅडमला," केरू म्हणाला.

"गप बस. फसवणूक म्हणून दोघांना काढतील. मी माझं बघतो."

तिसऱ्या दिवशी भिमाजी पल्लवी मॅडमच्या केबिनमध्ये गेला. ती दुसऱ्या मजल्यावर, अर्थातच.

"काका, तुमची फाइल तर..." मॅडम पानं उलटत म्हणाल्या.

"फाइल राहू द्या मॅडम. माझ्याकडे बघा."

टेबलाची कड धरून तो हळूहळू खाली बसला. एक उठाबशी, त्यातली अर्धी झाली. पुढची अर्धी काही केल्या होईना. मॅडमना आधी नाटक वाटलं. मग त्याच्या कपाळावरचा घाम दिसला तशा त्या धावत आल्या, हात दिला, तरी तो उठेना.

एवढ्यात जिन्यावर धाडधाड आवाज झाला. केरू! खांद्यावर ते उंच स्टूल, दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत, आणि दम म्हणाल तर लागलेला नाही.

"मॅडम, हे स्टूल ह्याचं हाय. मला नको."

मॅडम त्याच्याकडे बघतच राहिल्या. "केरू, तुम्हाला जिना मना आहे ना?"

केरूने आपल्याच गुडघ्यांकडे बघितलं. "घाईत ध्यानात नाय राह्यलं."

मॅडमनी दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या. दोन्हींची तारीख एकच. मग दोन्ही फाइलींत एकाच माणसाचे गुडघे गेलेत, हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि आवाज चढला. "ही सरळ फसवणूक आहे! काका, एवढी वर्षं खरं का नाही सांगितलंत?"

भिमाजीने खालूनच वर बघितलं. "सांगितलं असतं, तर ठेवलं असतंत?"

मॅडमनी नोटीस उचलली, फाडली, आणि भिमाजीच्या फाइलीत स्वतःच्या हाताने लिहिलं की गुडघे अधू आहेत, आज समक्ष पाहिले, गेजच्या टेबलावर बसून काम द्यावं. केरूला प्रेस शॉपला परत धाडलं आणि दोघांनाही एकेक ताकीद दिली, लेखी.

भिमाजीला रडू फुटलं. लेकीच्या वयाच्या पोरीसमोर, फरशीवर बसून, तो मोकळेपणी रडला आणि त्याला लाज वाटली नाही. केरूने काखेत हात घातला.

"ऊठ बाबा आता. का उठायलाबी मीच लागतो तुला?"