सात नंबरची मुदतवाढ

हसण्याच्या गोष्टी माणूस चार जणांत सांगतो आणि विसरून जातो. भिण्याच्या गोष्टी कुणाला सांगवत नाहीत, म्हणून त्या साचत जातात. आमच्या ऑफिसात तर अशा लई साचल्या होत्या. आता साहेब राहिले नाहीत, ऑफिसच्या जागी परकरांचं दुकान झालंय. म्हटलं, सांगून टाकावं एकदाचं. आता भ्यायचं तरी कुणाला?

ऑफिस म्हणजे गुलमंडीत कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आमचे साहेब लेआउटचे इंजिनीअर. शेतजमिनीचे प्लॉट पाडायचे आणि नकाशा मंजूर करून आणायचा, हा आमचा धंदा. मी ड्राफ्ट्समन, म्हणजे दिवसभर टेबलावर वाकून नकाशे काढणारा. मागच्या खोलीत बाबूमियाँ. ते अमोनियाच्या मशीनवर नकाशाच्या प्रती काढायचे. त्या वासानं आमच्या तिघांचेही डोळे कायम लाल. नवीन गिऱ्हाईक दारातच चप्पल काढून हळूच विचारायचं, "कधी झालं?"

रीत अशी होती. आधी नकाशाला कच्ची मंजुरी. मग मुदतीत रस्ते, नाल्या, दिव्याचे खांब केले की पक्की. नाही केले तर मंजुरी गेली! पण आमच्या दुष्काळी पट्ट्यात प्लॉटच खपायचे नाहीत, मग रस्ता कशातून करणार? म्हणून सरकारनं मागास भागाला मुदतवाढीची सोय ठेवली होती. दरवर्षी अर्ज, दरवर्षी पाहणी, दरवर्षी धावपळ. आमचे साहेब म्हणजे पाल चुकचुकली तरी फाईल उघडून तारीख बघणारा माणूस, आणि त्यांनी हा धंदा धरला होता! मी तरी कुठला वाघ म्हणा.

*

सगळ्यात जास्त घाबरवलं ते कचरूमामांच्या फाईलनं.

कचरूमामा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. करमाडच्या अलीकडं, जालना रोडपासून आत त्यांचा माळ होता. त्याचे प्लॉट पाडले होते. घेणारे थोडेच, सगळे गाव सोडून मजुरीला आलेले. सात नंबरच्या प्लॉटवर मामांची थोरली बहीण, गयाबाई. नवरा नाही, मूलबाळ नाही. आधी ती मुकुंदवाडीकडं कुठल्याशा झोपडपट्टीत राहायची. एका सकाळी तिथं जीप आली आणि दुपारपर्यंत तिचं घर नव्हतं. मग भावानं इथं आणलं. तिनं स्वतः दगडमातीची एक खोली उभी केली.

पहिल्यांदा गेलो तेव्हा साहेबांनी जीप भाड्यानं केली होती. गावाकडच्या घरात शिरताना पाय आपोआप उचलला जातो. मी उचलला, आणि खाली उंबराच नाही! तोल गेला तो थेट चुलीपुढं.

"असू द्या भाऊ," गयाबाई म्हणाली, "समदेच पडत्यात."

"उंबरा का नाही बसवला?"

"उंबरा बसला की घर झालं. घर झालं की पाडाया येत्यात. सध्या ही निस्ती खोली हाय."

परत येताना साहेब हळू आवाजात बोलले. "नवे नियम येतायत. ह्याची मुदत गेली तर नवा नकाशा करावा लागेल. नव्या नकाशात मधून अठरा मीटरचा रस्ता."

"मधून म्हणजे कुठून?"

साहेबांनी नुसतं मागं वळून त्या खोलीकडं बघितलं. तेव्हापासून ती फाईल हातात घेतली की माझे तळवे ओले व्हायचे.

*

मुदत महिनाअखेर संपायची होती. साहेब भित्रे, म्हणून त्यांनी मला मुद्दाम दहा दिवस आधीची तारीख सांगितली. मला मामांचा भरवसा नव्हता. म्हटलं, ह्यांना मेंढरांतून सवड कधी मिळायची! म्हणून मी त्यांना आणखी दहा दिवस आधीची सांगितली. मामांना प्लॉटवाल्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी सह्यांसाठी अजून दहा दिवस कापले, आणि कापल्याचं स्वतःच विसरून गेले.

झालं! महिनाभर आधीच सगळे कागद घेऊन मामा धापा टाकत जिन्यात. "साहेब, आज शेवटचा दिस हाय ना?" साहेबांना वाटलं, आपणच कुठं चुकलो. पांढरेफटक पडले. आम्ही तिघं पळत मंजुरीच्या ऑफिसात.

तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "अहो, मुदतीला अजून महिना आहे. वाढवायची तर आधी संपत तरी येऊ द्या!"

मग तो महिना. ऑफिसला आग लागली तर, म्हणून साहेब संध्याकाळी फाईल घरी न्यायचे. घराला लागली तर, म्हणून सकाळी परत आणायचे. बाबूमियाँ काम करता करता एवढंच म्हणाले, "साब, और रिक्षे को लगी तो?"

दुसऱ्या दिवसापासून साहेब चालत येऊ लागले.

*

एका सकाळी मामा पहिल्या येष्टीनं आले. धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली फ्रेम त्यांनी टेबलावर ठेवली. मंजूर नकाशाची प्रत काच लावून त्यांनी देवांच्या ओळीत टांगली होती.

"सात नंबर उडाला!" मामा कसेबसे बोलले.

मी बघितलं. खरंच! सगळे प्लॉट जागच्या जागी, आणि कोपऱ्यातला सात नंबर कोरा. रेघ नाही, आकडा नाही. साहेब खुर्चीत बसले ते उठेचनात.

"रातीत कुणी तरी रद्द केला व्हय?" मामा विचारू लागले. "आक्काला अजून सांगितलं नाय. तिला कसं सांगू?"

बाबूमियाँ मागून आले, फ्रेम उजेडात धरली आणि विचारलं, "मामा, घर में खिडकी किधर है?"

"देवाच्या समोरच."

"धूप ह्याच कोन्यावर पडती ना? अरे कायकू रोते! प्लॉट नै गया, छपाई गयी!"

अमोनियाची छपाई उन्हानं उडते, हे आम्हा तिघांना पाठ होतं. पण त्या दिवशी साहेबांना आणि मला ते आठवलंच नाही, इतके आम्ही भ्यालो होतो. बाबूमियाँनी नवी प्रत काढून दिली. मामांनी ती पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि सात नंबर आहे ना, हे बघायला रोज उघडून उन्हात धरू लागले!

*

पाहणी ठरली. मंजुरीच्या ऑफिसातला पाहणीसाहेब कडक. काम सुरू असल्याचं दिसलं तरच मुदतवाढ, नाहीतर नाही. आणि मामांच्या माळावर रस्ता म्हणून नुसती ढेकळं. मुरूम नाही, रोलर नाही, काही नाही. साहेब मला म्हणाले, "तू घरी राहा. मी एकटाच जातो. दोघांनी कशाला बघायचं?" पण गेलो मी.

जीपमधून उतरलो तर काय! नऊ मीटर रुंद, सरळ, घट्ट दाबलेला रस्ता. पाहणीसाहेबानं बूट आपटून बघितला. धूळसुद्धा उडाली नाही.

"रोलर कुणाचा लावला?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी मामांकडं.

"घरचाच हाय, साहेब," मामा म्हणाले.

"घरचा? कुठाय?"

"चराया गेलाय!"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. पाहणीसाहेबानं खाली निरखून बघितलं. रस्ताभर लेंड्याच लेंड्या! आठ दिवस मामांनी मेंढरांचं सगळं खांड त्या पट्ट्यातून वर-खाली पळवलं होतं. मेंढरं दमली, मामांच्या पायाला फोड आले, पण रस्ता बसला.

पाहणीसाहेब मग सात नंबरकडं वळला. दारात गयाबाई उभी. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबट, दोन्ही हातांनी आवळून धरलेलं.

"हे काय आहे, बाई?"

"जळण हाय, साहेब."

तो परत फिरला. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यानं लिहिलं, 'रस्त्याचे काम प्रगतिपथावर.' सही केली आणि रुमालानं बूट पुसत बसला.

*

पुढं एकदा प्रतिज्ञापत्रावर गयाबाईचा अंगठा घ्यायला मी एकटाच गेलो. येष्टीनं. फाट्यावर उतरून चालत. मागच्या खेपेची आठवण होती, म्हणून शहाणपणानं ह्या वेळी पाय उचललाच नाही. आणि उंबऱ्याला ठेचकाळून पुन्हा चुलीपुढं!

"भाऊ," गयाबाई म्हणाली, "माझ्या चुलीची लईच ओढ तुम्हाला!"

मी पायाचा अंगठा चोळत बघतोय तर दारात चांगला जाड लाकडी उंबरा. हळद-कुंकू लावलेला, पुढं रांगोळी.

"कधी बसवला?"

"बसवला कुठं? निस्ता ठिवते. सकाळी ठिवायचा. तिकडून जीपची धूळ दिसली की उचलायचा आन् खाटंखाली."

"मग आज?"

"आज तुम्ही येष्टीनं आलाव की."

मला हसू आलं. मग त्या उंबऱ्याकडं नीट बघितलं आणि हसू थांबलं. दोन्ही टोकं, जिथं धरून उचलायचं, तिथं लाकूड हाताच्या घामानं काळं आणि गुळगुळीत झालं होतं. मधला भाग, जिथं पाय पडायचा, तो कोराच होता.

*

मुदतवाढीचा आदेश आला तो दिवस तर मी मेलो तरी विसरणार नाही. टपालवाल्यानं लखोटा दिला. मामा ऑफिसातच होते. साहेबांनी फोडला. "मंजूर!" मी ओरडलो. बाबूमियाँ मशीन बंद करून पळत आले. मामांनी साहेबांचे पायच धरले.

पण साहेब हलेनात. बोट एका ओळीवर. मुदत वाढवली होती ती जुनी संपल्या दिवसापासून एक वर्ष. आणि फाईल टेबलाटेबलावर फिरण्यात ते वर्ष गेलं होतं. वाढीव मुदतीचा शेवटचा दिवस तोच, आजचाच!

"म्हंजे साहेब," मामांनी विचारलं, "मुदत मिळाली का संपली?"

"दोन्ही!"

घड्याळात ऑफिस सुटायला थोडाच वेळ. मी हातपाय गाळून बसलो. पण भित्र्या माणसाचं एक असतं. साहेबांच्या पिशवीत पुढच्या मुदतवाढीचा अर्ज आधीच टाईप करून तयार! कधीपासून घेऊन हिंडत होते देव जाणे. गुलमंडीच्या गर्दीतून आम्ही दोघं पळालो. साहेबांची एक चप्पल वाटेतच राहिली.

कारकून ड्रॉवर लावत होता. आवकेचा शिक्का आत.

"उद्या या."

"उद्या चालत नाही हो!"

"मग मी काय करू?" म्हणून त्यानं ड्रॉवर ढकलला. आणि आमच्या साहेबांनी, पाल चुकचुकली तरी दचकणाऱ्या साहेबांनी, त्या फटीत हात घातला! कडाक्‌ आवाज झाला. कारकूनच किंचाळला. साहेबांनी हूं का चूं केलं नाही. चेपलेल्या बोटांनीच शिक्का बाहेर काढला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"आजची तारीख टाका," म्हणाले.

*

खांब उभे राहिले, नाली झाली, मुरूम पडला. वर्षं गेली. साहेबांच्या बोटाचं नख काळं ते काळंच राहिलं. आणि एक दिवस पक्की मंजुरी आली.

साहेबांनी जीप सांगितली. बाबूमियाँनाही बरोबर घेतलं, त्यांनी एवढ्या वेळा छापलेला माळ एकदाही बघितला नव्हता. वाटेत साहेबांनी पेढे घेतले. मी त्यांना इतकं मोकळं कधी बघितलं नव्हतं. मामा तर फाटा येईस्तोवर गातच होते.

माळ दिसला. आमची धूळ तिकडंही दिसली असणार. दारात गयाबाई वाकली, उंबरा उचलला आणि छातीशी धरून उभी राहिली.

"आक्का, ठिव खाली!" मामा चालत्या जीपमधून ओरडले. "पक्कं आलं! पक्कं!"

ती हलली नाही. साहेबांनी उतरून कागद तिच्यापुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं, पण ती शिक्क्याकडं बघत राहिली.

"ह्याची मुदत किती?"

"ह्याला मुदत नाही, बाई. हे कायमचं."

"सही कुणाची हाय?"

"मोठ्या साहेबांची."

"आन् त्यांची बदली झाली मंजी?"

बाबूमियाँनी माझ्याकडं बघितलं. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात तसाच.

गयाबाई आत गेली. उंबरा खाटेखाली सारला, पदरानं हात पुसले आणि दारात येऊन म्हणाली, "या, आत या समदे. च्या टाकते. उंबरा जीप गेल्यावर ठिवते."

साहेब मागं वळून ड्रायव्हरला म्हणाले, "तू जा परत. आम्ही येष्टीनं येतो."