जैतुनाला विचारलं, तर जैतूनच बोललं

परवा आमच्या अंगणात घरप्रार्थना होती. नवापूरच्या डोंगराकडचं गाव आमचं, मंडळी नेहमीचीच... पण सगळ्यांच्या डोक्यात ग्रामपंचायतीची निवडणूक.

सरपंचपद यंदा बाईसाठी राखीव. गेल्या आठवड्यात गावातली माणसं माझ्याकडे आली होती, रिबका वहिनींना उभं करा म्हणून. रिबका म्हणजे माझी बायको. मी तिथल्या तिथे नको म्हटलं... येशूवर विश्वासणाऱ्याने राजकारणाच्या चिखलात कशाला उतरायचं?

मी जुन्या वळणाचा माणूस. शास्त्रात लिहिलंय ते लिहिलंय, सोयीचा अर्थ काढलेला मला खपत नाही. तरी परवा वाचायला मी मुद्दामच बायबलातली योथामाची गोष्ट घेतली. झाडं राजा शोधायला निघतात. जैतून नको म्हणतं, अंजीर नको म्हणतं, द्राक्षवेलही नको म्हणते. शेवटी काटेरी झुडूप तयार होतं आणि म्हणतं, या माझ्या सावलीत... आता काटेरी झुडपाची कसली आली सावली!

मी समजावलं, बघा, भली झाडं सत्तेच्या वाटेला गेलीच नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या.

वाचन झालं की ज्याला जे उमगलं ते त्याने बोलायचं, अशी आमच्यात पद्धत आहे. रिबका कधी बोलत नाही. परवा मात्र आमच्या मावची बोलीत हळूच म्हणाली, "जैतुनाला विचारलं, तर जैतूनच बोललं. अंजिराला विचारलं, तर अंजीर बोललं. मला कुणी विचारलंच नाही."

मी त्या ओळी पुन्हा वाचल्या. खरंच की! एकाही झाडाच्या वतीने दुसरं झाड बोललेलं नाही. लहानपणापासून वाचतोय ही गोष्ट, आणि तिने पदरचा एक शब्द घातला नव्हता. केवढं हे वचन, आणि केवढंसं माझं वाचणं...

काल अर्ज भरायचा शेवटचा दिवस. सकाळी तीच माणसं परत आली. सवयीने माझं तोंड उघडलं होतं... मिटलं, आणि रिबकाला हाक मारली.

ओले हात पदराला पुसत ती बाहेर आली. आमच्याकडे बाई सरपंच आणि खुर्चीत नवरा, हे काही नवं नाही. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "उभी राहते. पण खुर्चीत मीच बसणार."

निवडून येईल की नाही, देव जाणे. देवा, तुझी ती गोष्ट मला तोंडपाठ होती... ऐकली मात्र परवा, तिच्या तोंडून.