नवऱ्याच्या ग्राझमध्ये मी एकटी

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराचा मी वीसेक वर्षं राग राग केला आणि तोपर्यंत मी ते पाहिलेलंही नव्हतं.

माझे पती दिलीप महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. नवी यंत्रं यायची होती, त्यांचं काम शिकून घ्यायला कंपनीने त्यांना ग्राझला पाठवलं. आमची केतकी तेव्हा दुसरीत होती. घरी ती, सासूबाई आणि मी, आणि माझी शाळेतली भूगोलाची नोकरी. पाच-सहा महिन्यांनी ते परत आले ते ग्राझ सोबत घेऊनच. एसटी उशिरा आली की ग्राझची ट्रॅम निघायची. पाव शिळा लागला की ग्राझची बेकरी. सावित्रीच्या पुलावरून जातानासुद्धा यांना तिथली मूर नदी आठवायची. पाहुण्यांना त्या गोष्टी आवडायच्या. मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसायचे. एखाद्या बाईचं नाव इतक्या वेळा निघालं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

यंदा ते निवृत्त झाले. केतकी पुण्यात नोकरी करते. ती म्हणाली, आईबाबा, दोघं जाऊन या, मी सगळं बुक करते. मला वाटलं होतं हे उडीच मारतील. तर म्हणाले, "मला नको. माझ्या डोळ्यांत आहे तेवढं पुरे. आता सगळं बदललं असेल. सुनंदा, तू ये जाऊन."

म्हणजे मला दाखवायचीसुद्धा इच्छा नव्हती. मी रागाच्या भरात "जाते" म्हटलं, आणि नंतर माघार घ्यायची लाज वाटली.

निघायच्या आधी पोलादपूरला माहेरी जाऊन आले. भाऊ अंगणात शेंगा फोडत बसला होता. म्हणाला, "एकटी चाललीस गो? दाजी नाय येत?"

"त्यांचं बघून झालंय."

"मग तुला कोण दाखवनार तिथलं?"

वहिनी तेवढ्यात तांदळाचे पापड घेऊन बाहेर आली. तिने मला उत्तर द्यायला लावलं नाही.

आता जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. व्हिसाचं काम मुंबईत होतं, तारीख लवकर मिळत नाही, म्हणून मे महिन्यात जायचं तर थंडीतच मागे लागा. महाडहून विमानतळाकडे निघताना माणगावच्या बाजारात गाडी अडकणार हे धरूनच निघा. आखातात विमान बदलून मी व्हिएन्नाला उतरले आणि तिथून रेल्वेने ग्राझ. ही गाडी सेमरिंगच्या डोंगरातून जाते, खिडकीची जागा मिळवा. आंबेनळी घाटात माझं पोट ढवळतं, पण इथे मी दऱ्या बघत आरामात कॉफी प्यायले. त्या कॉफीच्या पैशात महाडला दोघांचं पोटभर जेवण होतं, एवढं मनात आलंच.

केतकीने जुन्या गावातच एका गेस्ट हाउसमध्ये खोली घेतली होती. मालकीणबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी किल्ली दिली, नळाचं पाणी बिनधास्त प्या म्हणाल्या आणि नकाशावर खुणा करायला लागल्या. मी त्यांना थांबवलं. मला सगळं पाठ होतं.

खरी अडचण तीच होती. पहिल्या दिवशी मी मुख्य चौकात उभी राहिले. तांबड्या कौलांची घरं, भिंतींवर रंगवलेली चित्रं, खिडक्यांत फुलं, मधून शांतपणे जाणाऱ्या हिरव्या ट्रॅम. सुंदर होतं, नाही कसं म्हणू? पण प्रत्येक गोष्टीवर यांचा आवाज आधीच बसलेला. जुन्या गावात काही थांबे ट्रॅमला तिकीट लागत नाही, हे मी कंडक्टरच्या मुलीसारखं जाणत होते. डोंगरावरच्या मनोऱ्याच्या घड्याळात मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा मिनिटं, हे तर आमच्या गल्लीतल्या पोरांनाही माहीत आहे. माझ्या शेजारी एक जोडपं ते घड्याळ बघून गोंधळलं आणि मग हसत सुटलं. मला तसं चकायलाही मिळालं नाही. सगळं शहर मला उष्टं वाटत होतं.

त्या डोंगराला श्लोसबर्ग म्हणतात. पायऱ्या आहेत, लिफ्ट आहे, आणि उतारावरून वर ओढली जाणारी छोटी रेल्वेही आहे. गुडघे दुखत असतील तर रेल्वे घ्या. वर एकेकाळी मोठा किल्ला होता. फ्रेंचांनी तो पाडायला लावला, पण गावकऱ्यांनी आपसात पैसे गोळा करून घड्याळाचा मनोरा आणि घंटेचा मनोरा तेवढे सोडवून घेतले. पाचाडला शाळेच्या सहली नेऊन, रायगडावर मुलांना जळलेल्या वाड्यांची जोती दाखवून माझी हयात गेली. त्या मनोऱ्याखाली उभं राहून मला त्या गावकऱ्यांचाही हेवा वाटला. म्हणजे यांच्या सुखाचा होताच, आता वर इतिहासाचा.

दुसऱ्या दिवशी जुन्या राजवाड्यातला जोडजिना पाहिला. दोन गोल जिने एकमेकांपासून सुटतात, प्रत्येक मजल्यावर पुन्हा भेटतात आणि पुन्हा सुटतात. नवराबायको एकेका बाजूने चढत होते, भेटले की फोटो काढत होते. मी एकाच बाजूने वर गेले आणि त्याच बाजूने खाली आले.

रविवारी मला जेवणाचं आमंत्रण होतं. योहान हे यांचे तिथल्या कारखान्यातले सोबती. अजून नव्या वर्षाला दोघांची ईमेल होते, त्यातूनच मी येणार हे त्यांना कळलं होतं. रविवारी तिथे दुकानं बंद असतात, म्हणून मी शनिवारीच ऑपेराजवळच्या शेतकरी बाजारातून त्यांच्यासाठी फुलं आणि भोपळ्याच्या बियांच्या तेलाची बाटली घेऊन ठेवली. काळपट हिरवं तेल, भाजलेल्या दाण्यांसारखा वास. नंतर लक्षात आलं, त्यांच्याच गावचं तेल त्यांनाच घेऊन गेले.

योहान सत्तरीचे, उंच, वाकलेले. त्यांची बायको एरिका हसरी, इंग्रजी तोडकं, पण अडत नव्हतं. बाल्कनीत टेबल मांडलं होतं. तिने एक झाकलेलं भांडं आणून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "दिलीपचं."

झाकण काढलं तर आत पिठलं.

मी आधी हसले. मग घास घेतला आणि हसू थांबलं. ते नुसतं पिठलं नव्हतं, सासूबाईंच्या हातचं पिठलं होतं. आंबटपणासाठी आमसुलाऐवजी काहीतरी दुसरं होतं, वरून ते हिरवं तेल होतं, तरी चव तीच. सासूबाई अचानक गेल्या, त्यांच्याकडून ते शिकायचं राहून गेलं होतं. त्यानंतर मी किती तऱ्हांनी करून पाहिलं. प्रत्येक वेळी हे खाली मान घालून जेवायचे आणि शेवटी म्हणायचे, "चांगलं झालंय, पण आईसारखं नाही."

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"त्यानेच," एरिका म्हणाली. "पीठ आधी कोरडं भाजायचं. लसूण सालीसकट ठेचायचा. मी घाई केली की चमचा काढून घ्यायचा हातातून."

योहान म्हणाले, "दर रविवारी आमच्याकडे स्वयंपाक तोच करायचा. दहा-दहा माणसं यायची. गाणी म्हणायचा. माझ्या भावाच्या लग्नात तर सगळ्यात शेवटपर्यंत नाचला."

"दिलीप?" मी म्हटलं.

"दिलीप," दोघं एकदम म्हणाली.

माझ्या घरात हा माणूस पाण्याचा पेलासुद्धा स्वतः भरून घेत नाही. वरातीत नाचणाऱ्यांकडे बघून रस्ता ओलांडतो. मी ताट संपवलं, कारण एरिका कौतुकाने बघत होती आणि तिचा काहीच दोष नव्हता. तिने पुन्हा वाढलं, मी तेही खाल्लं. पण माझी नजर राहून राहून तिच्या हातांकडे जात होती. ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं झुरले, ती तिला रविवारच्या गप्पांत मिळाली होती.

परतताना नदीकाठच्या बाकावर बसून घरी फोन लावला.

"जेवलीस का योहानकडे?" त्यांनी विचारलं.

"पिठलं जेवले. आईंच्या हातचं."

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

"तुम्हाला येत होतं," मी म्हटलं. "मी इतकी वर्षं करत राहिले, तुम्ही नावं ठेवत राहिलात, आणि तुम्हाला येत होतं. मला का नाही सांगितलंत?"

"तू कधी विचारलं नाहीस."

"तुम्ही स्वयंपाक करता हेच मला माहीत नव्हतं. काय विचारणार होते?"

त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तिथं मला कोणी ओळखत नव्हतं, सुनंदा. फसलं तरी कोणी काय म्हणणार होतं? इथं आई होती, शेजारीपाजारी होते. मी ओट्यापाशी गेलो असतो तर आई म्हणाली असती, बायको काय करते?"

"आई गेल्यावर?"

"तोवर सवय झाली होती," ते म्हणाले. "तुलाही."

मी फोन ठेवला. ते "तुलाही" मला फार लागलं. खोटं असतं तर इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी यांच्या आठवणीतलं काहीही बघायचं नाही असं ठरवलं. उन्हाळा चांगलाच तापला होता. मालकीणबाईंना विचारलं, इथले लोक उकडलं की कुठे जातात? त्या म्हणाल्या, शहराबाहेर दक्षिणेला तळं आहे, श्वार्त्सलझे, बस जाते. हे नाव मी आमच्या घरात कधीच ऐकलेलं नव्हतं. तेवढं कारण मला पुरलं.

पोहण्याचा पोशाख मी वाटेतल्या दुकानातून घेतला, बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंतचा. लहानपणी मी भावाबरोबर नदीच्या डोहात पोहायचे. आठवीत गेल्यावर आईने बंद केलं. त्यानंतर महाडमध्ये बाईंना पोहताना कोण बघणार होतं आणि कोण बघू देणार होतं? तळ्याच्या काठावर गवत होतं, घरंच्या घरं चटया टाकून पडलेली, आजीबाई दोन कपड्यांत उन्हात बसलेल्या. माझ्याकडे कोणीही पाहिलं नाही. मी पाण्यात शिरले. पाणी गार, श्वास अडकला. दोन हात मारले आणि अंगाला सगळं आठवलं.

किती वेळ पोहले माहीत नाही. उताणी पडून राहिले, कानात पाणी, वर नुसतं आभाळ. एक म्हातारी जवळून पोहत गेली आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. मी मराठीत म्हटलं, "हो ना, फारच गार आहे." तिला काय कळलं कोण जाणे, ती मान डोलावून पुढे गेली. नंतर काठावर तिने मला तिच्या डब्यातला सफरचंदाचा केक दिला आणि मी तिला वहिनीचे तळलेले पापड दिले, जे मी सकाळी मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात मागून तळून घेतले होते. आम्ही दोघी न बोलता खात बसलो. दिलीप तिथे कसे नाचले असतील, कोणाशी हसले असतील, हा विचार त्या दुपारी माझ्या डोक्यात आलाच नाही. आणि मला कोणी ओळखत नव्हतं म्हणूनच मी पाण्यात शिरले होते, हे कळल्यावर त्यांचं फोनवरचं बोलणंही समजलं. समजलं म्हणून राग गेला असं मात्र नाही.

उरलेले सगळे दिवस मी तिकडेच गेले. त्या नादात शस्त्रागाराचं संग्रहालय राहिलं. जाणाऱ्यांनी ते नक्की बघावं, हजारो चिलखतं आहेत म्हणतात. दुपारी बागेतल्या हॉटेलात एकटीने बसून व्हॅनिला आइस्क्रीमवर ते हिरवं तेल घालून खाल्लं. ऐकायला विचित्र वाटतं, पण खाऊन बघा.

घरी आले तेव्हा उन्हाने माझं नाक सोललेलं होतं. दिलीप अंगणात वाट बघत होते. त्यांनी बॅग घेतली, आत नेली आणि मग सुरू झाले. घड्याळ पाहिलंस? जोडजिना? ती नदीकाठची बेकरी आहे का अजून? मी सांगत गेले. बेकरी नव्हती, तिथे मोबाइलचं दुकान झालंय. त्यांचा चेहरा उतरला. मग मी तळ्याचं सांगितलं.

"कुठलं तळं?"

"शहराबाहेरचं. मी रोज पोहायला जायचे."

"पोहायला? तू?"

"मी."

ते माझ्या सोललेल्या नाकाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत पाहुण्यांसमोर ग्राझ सांगताना माझं तोंड जसं होत असेल, तसं ते त्या क्षणी त्यांचं झालेलं मी पाहिलं. मला बरं वाटलं. हे लिहिताना थोडी लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

काय उरलं, असं शाळेतल्या मैत्रिणी विचारतात. चमत्कार काही झाला नाही. पिठल्याची कृती मी त्यांच्याकडून अजून मागितलेली नाही, त्यांनीही आपण होऊन सांगितलेली नाही. सकाळचा चहा मात्र आता ते करतात, गोड जास्त होतो. ग्राझचा हेवा अजून आहे. फक्त तो आता एकट्या माझ्याकडे राहिलेला नाही.

परवा शेजाऱ्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. कोणीतरी ग्राझचा विषय काढला. दिलीपनी नेहमीसारखी ट्रॅम सुरू केली आणि मध्येच थांबले. म्हणाले, "हिला विचारा, ही नुकतीच जाऊन आलीय." सगळे माझ्याकडे वळले. मी बसची, पाण्याची, त्या म्हातारीची गोष्ट सांगितली. पण उताणी पडून आभाळ बघितलेलं सांगितलं नाही. ते माझ्यापाशीच ठेवलं.

घरी येताना, अंधाऱ्या गल्लीत ते हळूच म्हणाले, "त्या तळ्याचं नाव काय म्हणालीस?"

मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा चुकलं. मी दुरुस्त केलं नाही.