नकाशात भरलेलं तळं

ये वो पोरी, जरा जवळ सरक. फोनवर नुसतं "हो आजी, हो आजी" करते अन् ध्यान दुसरीकडंच! म्हणून हे लिहून काढलं. आता तरी पुरतं वाच.

या वैशाखात तू शहरातल्या तुझ्या ऑफिसातून आपल्या भागातल्या तळ्यांचे तीन नकाशे पाठवले. वर्षभराचं पाणी एवढ्याशा जागेत कसं दाखवावं, ते मले विचारलं. त्यातला एक ग्रामसभेत लागणार अन् तो पाहून कोणत्या तळ्यातला गाळ आधी काढायचा ते ठरणार. आपण मासोळीवर जगणारे लोक. गाळानं तळं आटलं का आपली चूल थंडी.

पहिल्या नकाशात हरेक तळ्यावर एकच निळा ठिपका. साऱ्या वर्षाची सरासरी म्हणे! श्रावणाचं पाणी वैशाखाले कामी पडते का? शी! दुसऱ्यात महिन्यामागून महिना रंग पालटत जाये. वैशाख पाहीन म्हणते तं ज्येष्ठ येऊन उभा. तिसऱ्यात हरेक तळ्यावर बोटभर रेघ, चढती-उतरती. हे पटलं. एका नजरेत सारं वर्ष, अन् शेजारच्या तळ्याशी ताडूनही पाहता येते.

मग आपलं तळं पाहलं. रेघ वैशाखातही वरच!

त्याच सकाळी मी त्या तळ्यात पिंडरीभर चिखलात उभी होती. पोटं फुगलेल्या मेल्या मासोळ्या, वर माश्यांचा थर. साबण घासघासून हाताचा वास जाये ना. ताटावर बसली तं ताट तसंच सरकवून उठली. अन् नकाशात तळं भरलेलं!

ही रेघ निघते ती आजोबानं अन् बाकीच्यांनी तळ्यात गाडलेल्या मोजपट्टीच्या आकड्यावरून. म्हणून तुझ्या आजोबाले विचारलं, "पाण्याची मोजपट्टी कुठं गाडली जी तुम्ही?"

"डोहात. उन्हाळ्यात मासोळी तिथंच जमते. आपलं तळं म्हणजे तेच."

"मासोळी मोजाले सांगतलं होतं का पाणी?"

"तुलेच सारं समजते!" म्हणत ते तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले.

डोह म्हणजे तळ्यातला सगळ्यात खोल खड्डा. बाकी तळ्याले भेगा पडल्या तरी तिथं पाणी राहते. साऱ्या माणसांनी मिळून तीच जागा पसंत केली होती. चिखलाची नाही आली एवढी किळस मले त्या अकलेची आली.

रेघेचाच नकाशा लाव, पण आपल्या तळ्याची रेघ अशी डोहाच्या मापाची लावू नको; ती पाहून गाळ काढाले आपला नंबर शेवटी जाईल. मोजपट्टी हलवाले आजोबा तयार नाहीत, तुझंच ऐकतील. ग्रामसभेच्या आधी ये, तो चिखल तुझ्या डोळ्यानं पाह्य. जुनी चप्पल घालून येजो, पण लवकर येजो.