भरलेल्या खुर्च्या

नाट्यगृहाच्या वेबसाइटवर कोणत्या वयाचे लोक कुठे रेंगाळतात, ते पाहून आधी काय सुधारायचं हे मी ठरवते. साठीपुढची मंडळी खुर्च्यांच्या नकाशावर बराच वेळ थांबतात आणि तिकीट न काढताच निघून जातात. अक्षरं मोठी करावीत का? काही कळेना, म्हणून काल तिकीट खिडकीपाशीच जाऊन उभी राहिले.

एक आजी आतल्या माणसाला म्हणाल्या, "एकटीच आहे हो मी. दोन्ही बाजूंना कुणीतरी असेल अशी खुर्ची द्या."

तिशीतले तर शेजार रिकामा बघून जागा धरतात. माणसाला शेजार नेमका कोणत्या वयात हवासा वाटू लागतो?

आमच्या नकाशात रिकाम्या खुर्च्या ठळक हिरव्या आहेत. भरलेल्या मी मुद्दाम फिकट केल्यात, कुणाचं त्यांच्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून.