हिलाल आबांनी हात वर केला

भडगावचे हिलाल आबा चाळीस वर्षं बैलबाजारात लोकांना बैल पारखून देत आले. गिऱ्हाईक रंगवलेल्या शिंगांवर भाळायचं. आबा त्या बैलाकडे बघायचेच नाहीत. "बैल देखना व्हई त त्याना शेजारना बैल देखो," म्हणायचे. शेजारच्याच्या बरगडीवर वण असले, तो अंग चोरून उभा असला, की आबा पुढे चालू लागत. त्यांचा सौदा कधी फसला नाही.

पक्षाचा खान्देशचा नेता निवडायला आबा आणि मी धुळ्याला देवपुरात गेलो, तेव्हा मी निर्धास्त होतो. भूषणभाऊ उभे होते. त्यांची एकच ख्याती, ते सगळ्यांच्या दारावर येतात. कुणी वारलं की घरी भेटायला जाणं, ते आमच्याकडे दारावर जाणं. खान्देशात माणूस त्यावरच तोलतात, आणि माझ्या मते इथेच आम्ही माती खातो. दुःखात तासभर मांडी घालून बसणं कुणालाही जमतं.

स्टेजवर भाऊंनी पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला. दोन्ही बाजूचे पदाधिकारी एकदम आकसले. आबांनी माझं मनगट धरलं.

"हाऊ मारका शे."

"मग हात वर करू नका, आबा."

"तुनी काकू गयी तवय मना दारवर येयेल शे तो." आबांचा आवाज पडला होता. मला त्यांचा राग आला, आणि कीवही.

तेवढ्यात ज्ञानेश्वर उठला. आमच्याच गावचा, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा साधा कार्यकर्ता. त्याने विचारलं, "मागच्या बैठकीत भाऊंच्या विरोधात बोलले ते सुकदेव नाना आज का नाहीत? त्यांचा फोनही लागत नाही."

भाऊ हसले. मग कुणीतरी म्हणालं, हात वर करा. आबांचा हात गेला. खोटं कशाला बोलू, माझाही गेला. ज्ञानेश्वरचा एकट्याचा खाली होता.

निवड झाल्यावर भाऊ गळ्यातल्या हारांसकट खाली आले आणि थेट ज्ञानेश्वरपाशी गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुनं नाव काय शे, भाऊ? घरमा कोण कोण शे?"

तो भाबडेपणाने सांगत गेला. बायको, आई, एक मुलगी. भाऊंच्या शेजारचा माणूस खाली मान घालून मोबाईलवर लिहून घेत होता. मागून कुणीतरी म्हणालं, याला म्हणतात आपुलकी. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतीच्या एसटीत पारोळा गेल्यावर आबा म्हणाले, "माले समजेल व्हतं. तरी मी हात वर कया."

पुढच्या सीटवर ज्ञानेश्वर मात्र खुशीत होता. मागे वळून आम्हाला सांगत होता, भाऊ मनाने मोठे आहेत, पोरीची शाळा कुठली ते दोनदा विचारलं.