एका अक्षराचा माणूस

देवाने मराठी माणसाला अख्खी बाराखडी दिली, पण एका वेळी एकाच अक्षरावर संसार करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे माझे मोठे साडू. लाखांदूरच्या ढोरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. जनावरांच्या जखमा बांधता बांधता त्यांना अनुप्रासाची बाधा कधी झाली, हे नक्की सांगता येत नाही. निवृत्त होईपर्यंत मात्र ती हाडात मुरली होती. आजही आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पहाटे त्यांचा निरोप येतो, ‘समस्त सगेसोयऱ्यांना सस्नेह सुप्रभात’, आणि दिवसभर सगळे सगेसोयरे त्यांना चुकवत फिरतात.

जेवणाच्या ताटावरही त्यांची नजर असे. भात, भाजी, भाकर आणि भजी एका रांगेत आली की ते प्रसन्न होत. अशाच एका रविवारी त्यांनी ताटाची तारीफ सुरू केली, तेव्हा माझी मोठी मेव्हणी, जिला मी ताई म्हणतो, चुलीपासून म्हणाली, “आन भांडणबी वाढू का? तेबी भ चंच हाय.” साडूंनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. शब्द बसत होता, मग तक्रार कसली!

अनुप्रासाचा अर्थ ते पुस्तकासारखा सांगत नसत. “एकटा शब्द घाबरते, भाऊ,” ते मला म्हणत, “म्हणून आपली भाषा त्याले जोडीदार देते. केर एकटा जात नाही, कचरा घेऊन जाते. पै आली का मांगं पाहुणे येतेत. ठाव पुसला का ठिकाणा हजर. आन म्हण कायले ध्यानात राहते? काखेत कळसा! क ले क धरून बसला हाय, सुटतेच कसा?” पळसाला पाने तीनच का म्हणतात, वडाचा उल्लेख का नाही, असे मी एकदा विचारले. “वडाले पानं म्हटल्यानं कानाले काय भेटते?” असे म्हणून त्यांनी वनस्पतिशास्त्र निकालात काढले.

ही विद्या त्यांनी दवाखान्यातही चालवली. शेतकऱ्यांच्या लक्षात राहावे म्हणून ‘म्हशीले मीठ मूठभर’ असे ते सांगत, आणि ते खरोखरच लक्षात राही. फारच राही. एक शेतकरी महिन्याभराने बैल घेऊन आला. बैल मलूल. साडूंनी विचारले, “याले मीठ काहून नाही देल्लं?” तो म्हणाला, “तुमीच सांगतलं, मीठ म्हशीचं. बैलाले ब चं काय देऊ, ते तुमी सांगतलं नाही.” एवढे होऊनही साडूंनी अनुप्रास सोडला नाही. त्या दिवसापासून बैलांसाठी वेगळी ओळ तयार झाली, इतकेच.

हे सगळे आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग त्यांच्या नातीची गोष्ट घडली. मुलगा वरठीच्या कारखान्यात, सून त्याच्याबरोबर, आणि नात शिकायला आजी-आजोबांकडे. चौथीत होती. बोलताना अडखळायची. हजेरीला ‘हजर’ म्हणताना ह सुटायचा नाही आणि वर्ग हसायचा. हळूहळू तिने शाळेत बोलणेच टाकले. तशात स्नेहसंमेलन आले, आणि बाईंनी प्रत्येकाने कविता म्हणायची असे ठरवले. नात दप्तर कोपऱ्यात ठेवून बसली. शाळेत जाणार नाही, एवढेच तिने मान हलवून सांगितले. मी त्या दिवशी तिथेच होतो.

साडू तिच्याजवळ जमिनीवर बसले. “कोणतं अक्षर जास्त अडते?” त्यांनी विचारले, जसे म्हशीच्या धन्याला विचारावे, दुखते कुठे. “प-प-प,” ती म्हणाली. थोड्या वेळाने, “आन क.” साडू उठले आणि अंगणात फेऱ्या मारू लागले. शेतात धान कापणीला आले होते, मजूर दारात उभे होते, तरी फेऱ्या थांबल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी तिला कविता म्हणून दाखवली :

प-प-पोपट पेरूवर बसला,
प-प-पिकला पेरू पाहून हसला.
क-क-कोंबडी कोठीत शिरली,
क-क-कण्या टिपत फिरली.

“यात अडखळलीस तर?” ते तिला म्हणाले. “तर बरोबर म्हणून राहिलीस. कवितेतच तसं हाय.”

संमेलनाला मीही गेलो. नात मंचावर उभी राहिली. कवितेत पोपटाआधी प दोनदा होता, तिचा पाच-सहा वेळा झाला. मी खाली पाहू लागलो. पण समोर बसलेल्या पोरांना तो खेळ वाटला. त्यांनी टाळ्यांवर तिच्यासोबत ‘प-प-प-प’ सुरू केले. कोंबडीपर्यंत अख्खी शाळा क-क करत होती. कविता कुठे संपते आणि अडखळणे कुठे सुरू होते, कोणालाच कळले नाही. पोरांनी तिला पुन्हा म्हणायला लावली. तिने म्हटली, आणि हसत हसत म्हटली.

परतताना साडू नातीचा हात धरून पुढे चालले होते. ताई मला हळूच म्हणाली, “हेबी लहानपणी असेच होते. लोक हासत, म्हणून एकेक अक्षर घोकत बसत. पण माहं नाव कधी घेतलं नाही. पुष्पा. प चं ना! लग्नापासून ‘अवो’च हाय मी.”

घरी पोचल्यावर साडू ओसरीवर टेकले. दमले होते. आतल्या दाराकडे पाहून म्हणाले, “प-पुष्पे, पाणी पाज.”

ताई दारात थबकली. मग तांब्या घेऊन आली.

त्याला आता बरीच वर्षे झाली. नात नागपूरला शिकते, सावकाश बोलते, पण बोलते. ताई दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. मी लाखांदूरला जातो तेव्हा साडू तिच्या गोष्टी सांगतात. पुष्पा असं म्हणे, पुष्पाले हे आवडे. नाव घेताना ते थोडे थांबतात, मग घेतात. मागेपुढे प चा दुसरा शब्द नसतो.